बफर मॅप करून दिलात, पण परत कधी घेणार?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका छोट्या युनिटमध्ये टॉवेलचं कापड तपासणारं यंत्र तयार होतंय. झिंक-७००० बोर्ड (एकाच चिपमध्ये एआरएम प्रोसेसर आणि एफपीजीए, म्हणजे आतली जोडणी हवी तशी बदलता येणारं सर्किट), त्यावर लिनक्स, एफपीजीएत स्वतःचं लॉजिक. लाइन-स्कॅन कॅमेऱ्याचं चित्र एफपीजीए डीएमएने (प्रोसेसरला मध्ये न घेता थेट) डीडीआरमध्ये, म्हणजे बोर्डाच्या रॅममध्ये, टाकतो आणि त्याच कार्डावरून जॅकार्डचा (मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रणेचा) हुक-डेटाही जातो. ड्रायव्हर एकच. त्याच्या एममॅप हँडलरमधून (एममॅप म्हणजे मेमरी प्रोसेसला थेट जोडून देणारा कॉल) रजिस्टरं (हार्डवेअरला आज्ञा द्यायच्या जागा), कॅमेऱ्याचा बफर आणि जॅकार्डचा बफर हे तिन्ही युजर स्पेसला, म्हणजे कर्नलबाहेरच्या साध्या प्रोग्रामला, दिलेलं आहे. तक्रारीही तीन आहेत. चित्रात मधूनच जुन्या फ्रेमचे तुकडे दिसतात. रिझोल्यूशन बदलल्यावर थोड्या वेळाने भलतीच प्रोसेस मरते. आणि नवी बिटस्ट्रीम (एफपीजीएतलं लॉजिक ठरवणारी फाइल) लोड करताना बोर्ड कधीकधी पूर्ण गोठतो, सीरियल कन्सोलवर एक ओळही येत नाही. शेवटी विचारलंय, "हँडलरमध्ये साइज तपासतो, मग मॅपिंग सुरक्षित आहे ना?"

नाही. साइजची तपासणी हा या कामातला सगळ्यात सोपा भाग, आणि तुम्ही दिलेल्या कोडमध्ये तोही चुकलेला आहे. पण मुख्य अडचण वेगळी आहे. रीड किंवा राइट कॉलमध्ये प्रत्येक वेळी ड्रायव्हर मध्ये उभा असतो. नको वाटलं तर एरर देऊन परत पाठवतो. एममॅपचं तसं नाही. हँडलर क्षणात संपतो आणि त्यानंतर प्रोसेस थेट मेमरीला हात लावत राहते, तुमच्या कोडला कळतही नाही. त्यामुळे मॅप करून देतानाच ते कुठल्या परिस्थितीत परत घ्यायचं हे ठरलेलं असावं लागतं. तुमच्या तीनपैकी दोन तक्रारी थेट यातूनच आल्या आहेत.

आधी जॅकार्डचं उरकू. २६८८ हुकांचं जॅकार्ड धरलं तर एका पिकला (आडव्या धाग्याच्या एका फेरीला) २६८८ बिट, म्हणजे ३३६ बाइट. माग मिनिटाला ३०० पिकांनी पळाला तरी सेकंदाला ५ पिक, म्हणजे १६८० बाइट. दोन किलोबाइटसुद्धा भरत नाहीत. एवढ्यासाठी मेमरी मॅप करायचं काही कारण नाही. साधा राइट कॉल लिहा, कॉपी_फ्रॉम_युजरने डेटा आत घ्या, लांबी तपासा, फिफोत (रांगेत) भरा. 'झीरो कॉपी' ऐकायला भारी वाटतं खरं, पण इथे वाचणार काहीच नाही. उलट एक सापळा तुम्ही ओढवून घेतलाय. बफरच्या सुरुवातीला पिकची लांबी ठेवलीय, ती युजर लिहितो. ड्रायव्हर ती एकदा वाचून तपासतो आणि कॉपी करताना पुन्हा वाचतो. दोन वाचनांच्या मध्ये दुसऱ्या थ्रेडने आकडा बदलला की तपासणी वाया गेली. सामायिक मेमरीतलं काहीही वापरायचं झालं तर आधी ते एकदाच कर्नलच्या स्वतःच्या व्हेरिएबलमध्ये उचलायचं आणि मग तपासणी व वापर दोन्ही त्या प्रतीवर करायचं. राइट कॉलमध्ये ही शिस्त आपोआप येते.

कॅमेऱ्याची गोष्ट निराळी. ४०९६ पिक्सेलची लाइन आणि सेकंदाला १०,००० लाइनी धरल्या तर ८ बिटी पिक्सेललाही सेकंदाला सुमारे ४१ एमबी होतात. एवढं पुन्हा कॉपी करत बसणं त्या प्रोसेसरला जड जाईल. इथे मॅपिंग हवंच.

आता चित्रातले तुकडे. एक काम करा, झूम करून त्यांची लांबी मोजा. ३२ पिक्सेलच्या पटीत येतील असा माझा अंदाज आहे, कारण कॉर्टेक्स-ए९ ची (तुमच्या बोर्डावरच्या प्रोसेसरची) कॅश लाइन, म्हणजे कॅश या जवळच्या वेगवान मेमरीत एका वेळी येणारा तुकडा, ३२ बाइटची असते. एफपीजीए ज्या एचपी पोर्टमधून डीडीआरमध्ये लिहितो तो पोर्ट सीपीयूच्या कॅशला विचारत नाही. डीडीआरमध्ये नवी फ्रेम आली तरी कॅशमध्ये जुनी लाइन पडून असेल तर प्रोसेस जुनंच वाचते. तुमच्या कोडमध्ये डीएमए_ॲलॉक_कोहेरंटने बफर घेतलाय. मिळालेल्या कर्नल ॲड्रेसवर व्हर्ट_टू_फिज (त्यावरून भौतिक ॲड्रेस काढणारं फंक्शन) लावलंय. त्यावरून पेज फ्रेम नंबर (पेज म्हणजे मेमरीचा ठरावीक आकाराचा तुकडा, तुमच्याकडे ४०९६ बाइटचा) काढून रीमॅप_पीएफएन_रेंजला दिलाय आणि व्हीएम_पेज_प्रॉट (मॅपिंगचे कॅश व परवानगीचे गुणधर्म) जसं आलं तसंच ठेवलंय. म्हणजे कर्नलच्या बाजूने बफर अनकॅश्ड आणि युजरच्या बाजूने तोच बफर कॅश्ड. एकाच भौतिक पेजला दोन वेगळे गुणधर्म देणं एआरएमवर मुळात नियमबाह्य आहे. कधी चालतं, कधी नाही. शिवाय डीएमए_ॲलॉक_कोहेरंटने दिलेल्या ॲड्रेसवर व्हर्ट_टू_फिज चालवणंच चूक. ३२ बिटी एआरएमवर तो ॲड्रेस कर्नलच्या सरळ मॅपिंगमधला असेलच असं नाही. तुमच्या बोर्डावर आजवर बरोबर उत्तर आलं असेल तर ते नशीब म्हणा.

यावर तयार फंक्शन आहे, डीएमए_एममॅप_कोहेरंट. गुणधर्म ते स्वतः बरोबर लावतं आणि ऑफसेट व लांबीही तपासतं. फक्त एक लक्षात ठेवा. तुम्ही व्हीएम_पीजीऑफ (एममॅपला दिलेला ऑफसेट, पेजमध्ये मोजलेला) 'कुठला भाग हवा' हे सांगायला वापरताय, ० म्हणजे रजिस्टरं, १ म्हणजे कॅमेरा. हे फंक्शन मात्र तो आकडा बफरच्या आतला ऑफसेट समजतं. म्हणून कॉलच्या आधी तो शून्य करायचा आणि नंतर पूर्ववत ठेवायचा. कर्नलमधला यूआयओ ड्रायव्हरही (हार्डवेअर युजर स्पेसमधून हाताळू देणारा) तसंच करतो. त्यापेक्षा रजिस्टरं आणि कॅमेरा यांना दोन वेगळे डिव्हाइस नोड देणं मला जास्त स्वच्छ वाटतं. परवानग्याही वेगळ्या लावता येतात.

अनकॅश्ड बफरवर थेट इमेज प्रोसेसिंग करायला गेलात तर वेग पाहून वैतागाल, कारण प्रत्येक वाचन डीडीआरपर्यंत जातं. कापडातली गाठ किंवा तुटलेला धागा शोधताना शेजारचे पिक्सेल पुन्हा पुन्हा वाचावे लागतात, तिथे हे फार जाणवतं. तेव्हा साधी कॅश्ड पेजेस घ्या, आणि फ्रेम तयार झाली की ड्रायव्हरने डीएमए_सिंक_सिंगल_फॉर_सीपीयू करून मगच प्रोसेसला 'घे' म्हणायचं. नव्या कर्नलमध्ये यासाठी डीएमए_ॲलॉक_पेजेस आणि डीएमए_एममॅप_पेजेस ही जोडी आहे. खरं सांगायचं तर कॅमेऱ्याचा सगळा भाग मी व्हिडिओ फॉर लिनक्सच्या चौकटीतच लिहीन. तिथली व्हिडिओबफ२ लायब्ररी बफर देणं, फ्रेम रांगेत लावणं, सिंक करणं, मॅपिंगची मोजणी ठेवणं हे सगळं करते, आणि शेकडो ड्रायव्हर ती वापरत असल्याने तिच्यातल्या चुका बहुतेक इतरांनी आधीच भोगल्या आहेत. सुरुवातीला कागदपत्रं वाचताना डोकं उठतं, पण हातचा कोड निम्म्याने कमी होतो.

साइजच्या तपासणीकडे येऊ. तुमची ओळ अशी आहे: ऑफसेट अधिक साइज ही बेरीज बफरच्या लांबीपेक्षा मोठी असेल तर एरर. वाचायला बरोबर वाटते. पण बोर्ड ३२ बिटी आहे, ही बेरीज ३२ बिटांतच होते. कोणी ऑफसेट ४ जीबीपेक्षा बरोबर एक पेज कमी दिला, म्हणजे ४२९४९६३२०० बाइट, आणि साइज दोन पेजची, ८१९२, तर बेरीज वळसा घालून ४०९६ वर येते. तपासणी पास. मग भौतिक ॲड्रेस काढताना बेस अधिक ऑफसेट हीसुद्धा बेरीज वळसा घालते आणि उत्तर येतं बेस वजा ४०९६. म्हणजे तुमच्या बफरच्या आधीचं पेज, ते कोणाचंही असो, लिहिण्याच्या परवानगीसह युजरच्या हातात गेलं. एकाच पेजवर थांबायचंही कारण नाही. ऑफसेट ४ जीबी वजा १०० एमबी आणि साइज १०० एमबी अधिक एक पेज दिली की बफरच्या अलीकडची १०० एमबी रॅम खुली. त्यात कर्नलची स्वतःची मेमरी सापडली तर रूट व्हायला (यंत्राचे पूर्ण अधिकार मिळवायला) वेळ लागत नाही.

हे कल्पनेतलं नाही. २०१३ मध्ये लिनक्सच्या फ्रेमबफर ड्रायव्हरमधल्या एफबी_एममॅपमध्ये असाच ओव्हरफ्लो (बेरीज वळसा घालण्याची चूक) सापडला, सीव्हीई-२०१३-२५९६ (सीव्हीई म्हणजे जाहीर सुरक्षा-त्रुटीचा नोंद क्रमांक). मोटोरोलाचे अँड्रॉइड फोन रूट करायला लोकांनी तो वापरला. २०१८ मध्ये यूडीएल या डिस्प्ले ड्रायव्हरमध्ये त्याच जातीची चूक निघाली, सीव्हीई-२०१८-८७८१. ती कर्नल ३.४ पासून ४.१५ पर्यंत बसून होती. दोन्ही ठिकाणी बेरीजच नडली. त्यानंतर ४.१७ च्या सुमारास कर्नलने दारातच एक सर्वसाधारण मर्यादा लावली, त्यामुळे नव्या कर्नलवर वर दिलेली युक्ती तुमच्या हँडलरपर्यंत पोचायच्या आधीच अडते. पण बोर्डासोबत आलेलं वेंडरचं जुनं कर्नल वर्षानुवर्षं तसंच चालवायची आपल्याकडे पद्धत आहे, तेव्हा त्या दाराच्या भरवशावर राहू नका.

बरोबर पद्धत: हिशेब बाइटमध्ये न करता पेजमध्ये करा आणि बेरजेऐवजी वजाबाकी वापरा. बफरची एकूण पेजेस काढा. व्हीएम_पीजीऑफ त्याहून लहान नसेल तर परत पाठवा. मग व्हीएमए_पेजेसने मिळणारी मागणी 'एकूण वजा ऑफसेट' याहून मोठी असेल तर परत पाठवा. वळसा घालायला कुठे बेरीजच उरत नाही. रजिस्टरांसाठी तर व्हीएम_आयओमॅप_मेमरी वापरा. ते फंक्शन २०१३ च्या त्या प्रकरणानंतरच आलं आणि हीच तपासणी आत करतं. कॅशचे गुणधर्म मात्र ते लावत नाही, पीजीप्रॉट_नॉनकॅश्ड तुम्हालाच आधी लावावं लागतं.

मॅपिंग पेजच्या खाली तुटत नाही, हेही विसरायला नको. रजिस्टरं २५६ बाइटची असली तरी युजरला पूर्ण पेज मिळतं, आणि उरलेल्या जागेत दुसऱ्या ब्लॉकची रजिस्टरं असतील तर तीही मिळतात. एफपीजीएचा ॲड्रेस मॅप तुमच्याच हातात आहे, प्रत्येक ब्लॉकला निदान एक पेज द्या. ४०९६ हा आकडा कोडमध्ये लिहू नका, पेज_साइज लिहा. रास्पबेरी पाय ५ चं नेहमीचं कर्नल १६ केबीच्या पेजवर चालतं, उद्या बोर्ड बदलला तर घोळ नको. केमॅलॉकने घेतलेला बफर कधीच मॅप करू नका, कारण त्याच पेजवर कर्नलच्या इतर वस्तू शेजारी राहत असतात.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलेलंच नाही ते. माझ्या मते तुमच्या रचनेतलं सगळ्यात मोठं भगदाड हेच आहे. युजरला दिलेल्या रजिस्टर पेजमध्ये डीएमएचं डेस्टिनेशन ॲड्रेस रजिस्टर आहे. झिंक-७००० मध्ये आयओएमएमयू (डीएमए कुठल्या मेमरीत जाऊ शकतो यावर लगाम ठेवणारं हार्डवेअर) नाही. अल्ट्रास्केल प्लसमध्ये आहे, तुमच्याकडे नाही. म्हणजे ज्या प्रोसेसला ते पेज मिळालं तिने त्या रजिस्टरमध्ये कुठलाही भौतिक ॲड्रेस लिहिला की एफपीजीए आज्ञाधारकपणे कॅमेऱ्याचा डेटा तिथे ओतणार. वर एवढा हिशेब करून लावलेली सीमा या एका रजिस्टरमुळे व्यर्थ जाते. हल्लेखोर असायचीही गरज नाही, ॲप्लिकेशनमध्ये पॉइंटर चुकला तरी पुरे. डीएमए ॲड्रेस, लांबी, इंटरप्ट आणि रीसेट ही रजिस्टरं वेगळ्या पेजवर हलवा, ती फक्त ड्रायव्हर आयओरीमॅपने वापरेल. युजरच्या पेजवर एक्स्पोजर, लाइटची तीव्रता, एन्कोडरचा आकडा असलं निरुपद्रवी काय ते ठेवा. किंवा रजिस्टरं मॅप करूच नका. एक्स्पोजर सेकंदाला फार तर दोन-चारदा बदलणार, आयोक्टल (ड्रायव्हरला आज्ञा द्यायचा कॉल) पुरतो.

भलतीच प्रोसेस का मरते? रिझोल्यूशन बदलायच्या आयोक्टलमध्ये तुम्ही जुना बफर मोकळा करता आणि नवा घेता. पण ॲप्लिकेशनने जुन्याचं मॅपिंग अजून सोडलेलं नाही. भाडेकरू आत असताना घर दुसऱ्याला विकण्यातला प्रकार झाला. रीमॅप_पीएफएन_रेंजने बनवलेलं मॅपिंग पेजचा रेफरन्स धरत नाही, त्यामुळे कर्नलच्या दृष्टीने ती पेजेस खरोखर रिकामी होतात आणि दुसऱ्या कोणाला दिली जातात. तुमचं ॲप्लिकेशन डागाभोवतीची लाल चौकट बफरमध्येच रंगवतं असं तुम्ही लिहिलंय. आता ती चौकट तिसऱ्याच प्रोसेसच्या स्टॅकवर उमटते. त्यात डीएमए थांबवायच्या आधी बफर मोकळा झाला असेल तर एफपीजीएही तिथेच लिहितोय. क्रम नेहमी असा: आधी डीएमए थांबवा, थांबल्याची खात्री स्टेटस रजिस्टरवरून करा, मग मॅपिंग काढा, मग बफर सोडा.

मॅपिंग चालू आहे की नाही हे ड्रायव्हरला कसं कळणार? सोपा उपाय मोजणीचा. व्हीएम_ऑप्समध्ये ओपन आणि क्लोज द्या, एक काउंटर ठेवा, आणि काउंटर शून्य नसेल तर रिझोल्यूशनच्या आयोक्टलला ईबिझी ('सध्या वापरात' ही एरर) द्या. पहिल्या एममॅपला कर्नल ओपन बोलवत नाही, तिथे काउंटर हातानेच वाढवावा लागतो. पुढे प्रोसेस फोर्क झाली (तिने स्वतःची प्रत काढली) किंवा मॅपिंगचा मधलाच तुकडा सोडल्यामुळे त्याचे दोन झाले की ओपन येतो. बहुतेकांचा काउंटर इथेच चुकतो. फोर्क झालेल्या मुलाला मॅपिंग नकोच असेल तर व्हीएम_डोंटकॉपी लावून मोकळे व्हा. तुमची मेमरी साध्या पेजेसची असेल तर व्हीएम_इन्सर्ट_पेज हाही चांगला मार्ग आहे, तो पेजचा रेफरन्स धरतो. ड्रायव्हरने सोडलं तरी शेवटचं मॅपिंग जाईपर्यंत पेज कोणाला जात नाही.

डेव्हएम घराण्यातल्या फंक्शनांबद्दल एक इशारा. डेव्हएम किंवा डीएमएएमने घेतलेली मेमरी डिव्हाइस अनबाइंड झालं (ड्रायव्हरपासून सुटलं) की आपोआप सुटते, फाइल उघडी असो वा मॅपिंग चालू असो. मॉड्यूल काढण्यापासून फाइलचा रेफरन्स वाचवतो, अनबाइंडपासून वाचवत नाही. युजरला मॅप होणारं काहीही त्या पद्धतीने घेऊ नका.

बोर्ड गोठण्याचं मूळही तेच, फक्त या वेळी मेमरीऐवजी रजिस्टरं आहेत. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, शेडमध्ये कापसाची धूळ, त्यामुळे काही अडलं की आपल्याकडे दोष आधी उन्हाला आणि मग एसएमपीएसला जातो. पण तुमचा बोर्ड फक्त बिटस्ट्रीम बदलताना गोठतो, जानेवारीतही गोठला असता. बिटस्ट्रीम लोड होत असताना एफपीजीएत तुमचं लॉजिक अस्तित्वातच नसतं. त्याच वेळी ॲप्लिकेशनने मॅप केलेलं रजिस्टर वाचलं तर सीपीयूची ती विनंती एएक्सआय बसवर (प्रोसेसर आणि एफपीजीए जोडणाऱ्या मार्गावर) जाते आणि उत्तर द्यायला पलीकडे कोणी नसतं. सीपीयू वाट बघत तिथेच अडकतो. कर्नलने पॅनिक करायलासुद्धा पुढची सूचना चालावी लागते, म्हणून कन्सोल कोरा. वॉचडॉग चालू असेल तर बोर्ड रीसेट होईल, एवढंच.

इथे काउंटर आणि ईबिझी पुरणार नाही असं नाही, पण ऑपरेटरने यंत्र चालू ठेवूनच बिटस्ट्रीम बदलायची असेल तर मॅपिंग ओढून घेता आलं पाहिजे. त्याची रीत अशी. एममॅप हँडलरमध्ये लगेच काही मॅप करू नका. फक्त तपासण्या करा, गुणधर्म लावा, व्हीएम_आयओ, व्हीएम_पीएफएनमॅप, व्हीएम_डोंटएक्स्पांड आणि व्हीएम_डोंटडंप हे फ्लॅग स्वतः लावा आणि फॉल्ट हँडलर जोडून परत या. प्रोसेसने पेजला हात लावला की फॉल्ट येईल. तिथे ड्रायव्हरचा रीड-राइट सेमाफोर (वाचणारे अनेक, लिहिणारा एकच असं लॉक) वाचनासाठी घ्या, हार्डवेअर जागेवर आहे का बघा, असेल तर व्हीएमएफ_इन्सर्ट_पीएफएनने ते पेज जोडा, नसेल तर सिगबस हा सिग्नल द्या. पेज जोडून होईपर्यंत सेमाफोर सोडू नका. बिटस्ट्रीम बदलायच्या आधी तोच सेमाफोर लिहिण्यासाठी घ्यायचा, 'हार्डवेअर नाही' अशी खूण करायची आणि अनमॅप_मॅपिंग_रेंजने सगळ्या प्रोसेसमधली पेजेस काढून टाकायची. नंतर प्रोसेसने हात लावला तर फॉल्ट येतो, बस अडकत नाही. व्हीएफआयओच्या (डिव्हाइस थेट युजर प्रोसेसच्या हाती देणाऱ्या कर्नलमधल्या चौकटीच्या) पीसीआय ड्रायव्हरलाही हेच करावं लागलं. डिव्हाइसची मेमरी बंद असताना युजर मॅपिंगमधून तिला हात लावता येत होता, २०२० चा सीव्हीई-२०२०-१२८८८ तो. दुरुस्ती याच वळणाची होती.

या रीतीत काही काटे आहेत. फॉल्टमध्ये रीमॅप_पीएफएन_रेंज वापरू नका, ते फक्त एममॅप हँडलरसाठी आहे. प्रायव्हेट मॅपिंग हँडलरमध्येच नाकारा, कारण तसल्या मॅपिंगवर व्हीएमएफ_इन्सर्ट_पीएफएन चालवलं की कर्नल स्वतःच्या बग_ऑनवर आदळतं, म्हणजे साध्या युजरला तुम्ही कर्नल पाडायची कळ दिलीत. नाकारताना व्हीएम_मेशेअर बघा, व्हीएम_शेअर्ड नको. फाइल फक्त वाचायला उघडली असेल तर कर्नल व्हीएम_शेअर्ड काढून टाकतं आणि सरळ मागणीही नाकारली जाते. आणि अनमॅप_मॅपिंग_रेंज ज्या मॅपिंगवर चालतं ते कॅरेक्टर डिव्हाइसच्या इनोडगणिक (फाइल-सिस्टममधल्या प्रत्येक नोंदीगणिक) वेगळं असतं. एकाच डिव्हाइसचे दोन नोड बनवले असतील तर एकाकडून आलेली मॅपिंग्ज तशीच राहतील. ओपनमध्ये प्रत्येक फाइलचं एफ_मॅपिंग एका सामायिक ठिकाणी वळवलं की हे मिटतं.

लॉकचा क्रम मात्र नीट समजून घ्या. एममॅप आणि फॉल्ट दोन्ही हँडलर चालतात तेव्हा प्रोसेसच्या मेमरीचं लॉक कर्नलने आधीच धरलेलं असतं, त्याच्या आत तुम्ही ड्रायव्हरचं लॉक घेता. आयोक्टलमध्ये तुम्ही उलटं करताय: ड्रायव्हरचं लॉक धरून कॉपी_टू_युजर. युजरचं पेज हजर नसेल तर त्या कॉपीला मेमरीचं लॉक लागतं. दोन थ्रेड समोरासमोर आले की दोघेही कायमचे उभे. याहून वाईट म्हणजे कोणी आयोक्टलला पॉइंटर म्हणून तुमच्याच मॅपिंगचा ॲड्रेस दिला तर कॉपी करताना तुमचाच फॉल्ट हँडलर येतो, आणि तो ज्या लॉकची वाट बघतो ते त्याच थ्रेडने धरलेलं असतं. एका थ्रेडचा डेडलॉक. नियम एकच: युजरच्या मेमरीला हात लावायचं काम लॉकच्या आधी किंवा नंतर, आत कधीच नाही. लॉकडेप (लॉकचा क्रम तपासणारं कर्नलचं साधन) चालू करून एकदा सगळे मार्ग फिरवले की पहिला प्रकार तो स्वतःहून दाखवतो.

परवानग्यांचं थोडक्यात. नोडला ०६६६ देऊ नका. एक गट करा, ०६६० ठेवा. २०१२ मध्ये सॅमसंगच्या काही गॅलेक्सी फोनांवर एक्झिनॉस-मेम हा डिव्हाइस नोड सगळ्यांना वाचता-लिहिता येत होता आणि त्यातून अख्खी भौतिक मेमरी मॅप होत होती. कुठलंही ॲप रूट होऊ शकत होतं. कॅमेऱ्याचा बफर फक्त वाचण्यापुरता द्या, लाल चौकट ॲप्लिकेशनने स्वतःच्या प्रतीवर रंगवावी. त्यासाठी व्हीएम_राइट मागणारी विनंती नाकारणं पुरत नाही. व्हीएम_मेराइटही काढा, नाहीतर आधी वाचायला मॅप करून मागून एमप्रोटेक्टने लिहिण्याची परवानगी मिळवता येते. ६.३ पासून हे फ्लॅग थेट बदलता येत नाहीत, व्हीएम_फ्लॅग्ज_क्लिअर वापरावं लागतं. युजरच्या बाजूने रजिस्टरं व्होलाटाइल पॉइंटरने, ३२ बिटांच्या सरळ वाचन-लेखनानेच हाताळा. डिव्हाइस मेमरीवर मेमसीपीवाय चालवलंत तर कधीतरी अलाइनमेंट फॉल्ट येईल आणि दोष ड्रायव्हरला लागेल.

चाचणीसाठी केसन (मेमरीच्या चुका पकडणारं कर्नलचं साधन) चालू करा, पण त्याच्यावर विसंबू नका. युजरने मॅपिंगमधून केलेलं लिखाण त्याला दिसत नाही. त्यापेक्षा एक छोटा सी प्रोग्राम लिहा, जो मुद्दाम वाकडं वागेल: टोकाचे ऑफसेट, एक पेज जास्त साइज, प्रायव्हेट मॅपिंग, मधलाच तुकडा सोडणं, फोर्क, एमरीमॅपने वाढवायचा प्रयत्न, एमप्रोटेक्ट, मॅपिंग चालू असताना रिझोल्यूशन बदलणं. ॲप्लिकेशन चालू असताना त्या प्रोसेसच्या प्रॉक फोल्डरमधली स्मॅप्स फाइल उघडून तुमच्या मॅपिंगसमोरची व्हीएमफ्लॅग्जची ओळ वाचा. दोन-दोन अक्षरांच्या खुणा असतात. रजिस्टरांच्या मॅपिंगला आयओ, पीएफ, डीई, डीडी या चारही दिसल्या पाहिजेत. कॅमेऱ्याच्या मॅपिंगसमोर डब्ल्यूआर किंवा एमडब्ल्यू दिसलं तर लिहिण्याची वाट अजून उघडी आहे. बिटस्ट्रीमची चाचणी शेवटी करा: एका टर्मिनलवर रजिस्टर सतत वाचणारा प्रोग्राम आणि दुसरीकडे लोड. वाचणाऱ्याला सिगबस मिळून तो मेला आणि कन्सोल जिवंत राहिला, तर ड्रायव्हरचं काम झालं. पुढचं ॲप्लिकेशनचं, त्याने तो सिग्नल पकडून लोड संपल्यावर पुन्हा मॅप मागायचा.